हात कुणाचा, चित्र कुणाचं? समावेशक चित्रकला वर्ग पहिल्यांदा घेताना

वर्ग सुरू करून मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेला एक मुलगा मासा काढत होता. रेघ थरथरत होती, कागद सरकत होता, शेपूट कागदाबाहेर चाललं होतं. मला राहवलं नाही. त्याचा हात हातात घेतला आणि झकास मासा काढून दिला, खवल्यांसकट. वर्ग सुटल्यावर आईने विचारलं, "तू काढलास?" त्याने नकारार्थी मान हलवली आणि बोटाने माझ्याकडे दाखवलं.

नव्याने असा वर्ग घेणाऱ्यांना आधी काय सांगाल, असं कुणी विचारलं की मी हा मासा सांगतो. दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र बसतात असा वर्ग घ्यायला खास पदवी असायलाच हवी असं नाही. तयारी मात्र भरपूर लागते आणि ती बरीचशी मुलं येण्याआधीची असते. साधन बदला, जागा बदला, सूचना बदला, पण चित्रातले निर्णय मुलाकडेच राहू द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

१. प्रवेशाच्या वेळी काय विचारायचं

"काय त्रास आहे?" हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्यातून वर्गाच्या उपयोगाचं फारसं हाती लागत नाही. अर्जावर एकच निदान लिहिलेली दोन मुलं समोर आली की कळतं: एक कात्री सफाईने चालवतो, दुसऱ्याला झाकणही उघडत नाही. निदानापेक्षा हे विचारा: कोणता हात जास्त चालतो? 'हो' आणि 'नाही' कसं सांगतो? ओल्या, चिकट गोष्टींना हात लावायला आवडतो का? कोणता आवाज किंवा वास नको असतो? चिडला, घाबरला की कशाने शांत होतो? स्वच्छतागृहात मदत लागते का, आणि ती कुणी करायची?

वैद्यकीय माहिती वेगळी घ्या आणि नीट घ्या. फिट येते का, आली तर घरचे काय करतात, दमा आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे. स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) असलेल्या मुलांमध्ये लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, अ‍ॅलर्जी बऱ्याच प्रमाणात आढळते. त्यामुळे लेटेक्सचे हातमोजे आणि फुगे माझ्या वर्गात नसतातच. विचारायला विसरलो तरी धोका नको. ही माहिती कुलपात ठेवा. भिंतीवर मुलांच्या नावापुढे अपंगत्वाचा तक्ता लावलेला मी पाहिला आहे. तसं करू नका.

आणि हे सगळं फक्त पालकांना विचारू नका. मूल समोर बसलेलं असतं. त्याच्याकडे बघून विचारा, उत्तराला वेळ लागला तर थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं की कळतं, आपण एरवी किती घाईने पुढचा प्रश्न टाकतो.

२. खोली

टेप घेऊन खोली मोजा. व्हीलचेअर वळवायला साधारण १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते आणि दोन टेबलांमधून जायला ९० सेंटिमीटरची वाट. टेबलाखाली गुडघे जायला साधारण ७० सेंटिमीटर उंची हवी. टेबल बुटकं असेल तर पायांखाली पक्के लाकडी ठोकळे बसतात. हाताच्या टेकूमुळे खुर्ची पुढे सरकतच नसेल तर मांडीवर ठेवायचा पाट करा. व्हीलचेअरवरच्या मुलाला सोयीचं म्हणून दारापाशी एकटं बसवू नका. त्यालाही मधलं टेबल हवं असतं, जिथे गप्पा चालतात.

खिडकीकडे पाठ करून शिकवू नका. मागून उजेड आला की तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचणाऱ्या कर्णबधिर मुलाचं तुमच्याशी असलेलं नातंच तुटतं. दार पूर्ण उघडं ठेवा किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड अंध मुलाच्या कपाळावर बसते. सामान नेहमी त्याच जागी. महिन्यातून एकदा उत्साहाने खोलीची मांडणी बदलण्याची हौस असेल तर ती घरी भागवा.

एक शांत कोपरा ठेवा: पडदा, उशी, कमी उजेड. ती शिक्षेची जागा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा आणि तुम्ही स्वतः तिथे दोन मिनिटं बसून दाखवा. सांडलेलं पाणी लगेच पुसा, कारण कुबड्या ओल्या फरशीवर घसरतात.

३. साधनांची पेटी

महागडी उपकरणं मागवण्याआधी ही पेटी भरा: रुंद चिकटपट्टी, फोमची नळी, वेल्क्रोचे पट्टे, घसरू न देणाऱ्या रबरी चटईचे तुकडे, मोठे क्लिप, स्पंज, रंगकामाचे छोटे रोलर, दाबली की आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री, जड बुडाच्या वाट्या. फोमच्या नळीचा बोटभर तुकडा कापून ब्रशच्या दांड्यावर चढवला की पकड जाड होते आणि बोटं पूर्ण मिटत नसलेल्या मुलालाही ब्रश धरता येतो. पकड अजिबातच नसेल तर तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा बांधून त्यात ब्रश अडकवा. पट्टा घट्ट नको. त्याखाली एक बोट सहज जायला हवं. अर्ध्या तासाने काढून त्वचा पाहा.

माशाच्या गोष्टीत खरं तर मला काय करायला हवं होतं? कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने टेबलाला लावायचे. बास. थरथर हाताची होती, पण निम्मा गोंधळ सरकत्या कागदाचा होता. पुढच्या खेपेला कागद पक्का केला, खाली वीसेक अंशांचा उतार दिला आणि बारीक ब्रशऐवजी जाड स्पंज दिला. मासा आला. त्याला खवले नव्हते, तोंड भलतंच मोठं होतं आणि तो कागदाच्या अगदी वरच्या टोकाला होता. "तो श्वास घ्यायला वर आलाय," हे त्याने मला तीन प्रयत्नांत सांगितलं.

अंध आणि अंशतः दृष्टी असलेल्या मुलांसाठी उठावाची रेघ हवी. रबरी चटईवर जाड कागद किंवा प्लास्टिकचा पातळ ताव ठेवून बोथट टोकाने दाबून रेघ ओढली की ती बोटाला लागते. डिंकाची रेघ वाळवली, दोरा चिकटवला तरी चालतं. रंगात बारीक वाळू, लाकडाचा भुसा मिसळला की निळा खरखरीत आणि पिवळा गुळगुळीत, अशी ओळख ठरवता येते. मात्र 'अंध' म्हणवल्या जाणाऱ्या बऱ्याच जणांना थोडंफार दिसत असतं. काळ्या कागदावर पांढरा किंवा पिवळा तेलखडू देऊन आधी पाहा. रंगांच्या बाटल्यांवर नावं मोठ्या अक्षरांत लिहा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण दर १२ जणांत एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, इतर ठिकाणीही अशी मुलं असतात आणि त्यांतल्या कित्येकांना ते माहीतही नसतं. ज्याचं झाड तपकिरी पानांचं येतं, त्याला रागावण्याआधी हे आठवा.

वस्तूच्या लेबलवर 'बिनविषारी' लिहिलं आहे म्हणजे ती खाण्याजोगी आहे असं नव्हे. तोंडात वस्तू घालण्याची सवय असलेलं मूल वर्गात असेल तर मणी, बटणं, छोटे चुंबक त्या दिवशी बाहेर काढूच नका. संवेदना कमी असलेल्या हातापायांजवळ गरम गोंदाची बंदूक नको. भाजलं तरी मुलाला कळत नाही. खडूची आणि वाळलेल्या चिकणमातीची धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

४. एक पाठ, अनेक वाटा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बाकीची मुलं निसर्गचित्र काढतात आणि दिव्यांग मुलाला बदकाचं छापील चित्र रंगवायला मिळतं. मूल पंधरा वर्षांचं असतं तरी बदकच. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम ३० मध्ये सर्जनशील आणि कलात्मक क्षमता विकसित करण्याची संधी मिळण्याची गोष्ट आहे. बदकाच्या रेघेत रंग भरण्यात ती संधी कुठे आहे, हे मला अजून सापडलेलं नाही.

पाठ आखताना आधी एका ओळीत लिहा: आज मुलांनी काय अनुभवायचं आहे? समजा उत्तर आहे, 'झाडाच्या खोडाचा खरखरीतपणा'. आता 'प्रत्येकाने पेन्सिलीने झाड काढायचं' हे बंधन गळून पडतं. सालीचे तुकडे टेबलावर ठेवा. सगळ्यांनी, दिसणाऱ्यांनीसुद्धा, डोळे मिटून हात फिरवायचा. मग वाटा फुटतात. कुणी सालीवर कागद ठेवून तेलखडू आडवा घासेल. कुणी चिकणमातीची लादी करून त्यात साल दाबेल. कुणी जाड कागद चुरगळून, फाडून चिकटवेल. ज्याला ओला स्पर्श सहन होत नाही तो लांब दांड्याच्या कोरड्या ब्रशने जाड रंग ओढेल. ज्याचे हात अजिबात हलत नाहीत, तो डोळ्यांनी किंवा हुंकाराने सांगेल, कोणता तुकडा कुठे लावायचा, आणि मदतनीस तिथेच लावेल. पाठ सगळ्यांचा एकच आहे.

शेवटची वाट काहींना फसवणूक वाटते. फ्रेंच चित्रकार आंरी मातिसचं उदाहरण अशा वेळी उपयोगी पडतं. १९४१ मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा बराच काळ अंथरुणात आणि व्हीलचेअरमध्ये गेला. सहायक कागदांना रंग देत, मातिस कात्रीने आकार कापत आणि ते भिंतीवर कुठे टाचायचे हे सांगत. इंचभर डावीकडे, पुन्हा वर, नको, काढा. ती चित्रं सहायकांची आहेत असं कुणी म्हणत नाही. बंगालचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५०च्या दशकात गेली. त्यानंतरही ते कागदाची कोलाज करत राहिले. माध्यम बदललं, चित्रकार तोच.

निवड द्या, पण आवाक्यातली. 'काय हवं ते घे' म्हटलं की अनेक मुलं गोठून जातात. दोन हातांत दोन गोष्टी धरा, स्पंज आणि रोलर, आणि नजर कुठे जाते ते पाहा. मग हात अदलाबदल करून पुन्हा विचारा, कारण काही मुलं नेहमी उजवीकडचीच वस्तू घेतात.

५. सूचना कशा द्यायच्या

कर्णबधिर मुलाला एकाच वेळी तुमचे हात आणि तुमचे ओठ (किंवा सांकेतिक भाषेच्या दुभाषाचे हात) पाहता येत नाहीत. आधी सांगा, थांबा, मग करून दाखवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. सांगण्याआधी टेबलावर हलकेच थाप द्या किंवा दिवा एकदा चालू-बंद करा. मात्र वर्गात प्रकाशाच्या लखलखाटाने फिट येणारं कुणी असेल तर दिव्याला हात लावू नका, हातानेच खूण करा.

अंध मुलाला 'तिकडे', 'इथे' हे शब्द निरुपयोगी आहेत. घड्याळ वापरा: पाणी बारावर, लाल तीनवर, फडकं नऊवर. रंग दर वेळी त्याच क्रमाने लावा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना एका वेळी एकच सूचना, तीही छोट्या वाक्यात. "ब्रश बुडव." झालं? "कडेला पूस." पायऱ्यांचे फोटो काढून ओळीने लावले तर त्याचा फायदा सगळ्याच वर्गाला होतो, वाचायला अडखळणाऱ्यांना तर नक्कीच. स्वमग्न मुलांना आज काय काय होणार याचा चित्रतक्ता आणि वेळ संपत आल्याची आगाऊ सूचना मोलाची वाटते. "आधी हात धुणे, मग चिकणमाती", एवढी दोन चित्रंही पुरतात. ज्याला एका जागी बसवत नाही त्याला पाणी वाटायचं काम द्या. उठायला कारण मिळतं.

तयार नमुना दाखवायचा की नाही यावर कलाशिक्षकांत वाद आहेत. मी तीन वेगवेगळे, तेही अर्धवट नमुने दाखवतो आणि काम सुरू झालं की उचलून ठेवतो. एकच सुबक नमुना समोर राहिला तर अर्ध्या तासात त्याच्या वीस फिक्या नकला तयार होतात.

६. मदतीचे जिने

मदतनिसांना आणि वर्गात बसणाऱ्या पालकांना हे आधीच समजावून सांगा, हवं तर लिहून द्या. पहिली पायरी, थांबणे. दुसरी, शब्दाने किंवा बोटाने सुचवणे. तिसरी, स्वतःच्या वेगळ्या कागदावर करून दाखवणे. चौथी, वस्तू धरून ठेवणे: कागद, वाटी, पट्टी. पाचवी, स्पर्श. पाचव्या पायरीला परवानगी लागते आणि 'नाही' आलं तर विषय संपला.

स्पर्शाचीही एक रीत आहे. आपण सहज मुलाच्या हातावर हात ठेवून त्याचा हात चालवतो. तसं केलं की हाताची मालकी आपल्याकडे येते. त्याऐवजी आपला हात खाली ठेवा आणि मुलाला त्याचा हात वर ठेवू द्या. आपण चिकणमाती दाबतो, त्याला आपल्या हाताची हालचाल कळते, आणि नको वाटलं की तो हात उचलू शकतो. दृष्टी आणि श्रवण दोन्ही कमी असलेल्या मुलांबरोबर काम करणारे ही पद्धत फार वापरतात. थोडा सराव झाला की आपलं बोट हळूच काढून घ्यायचं.

पालकांचा एक शत्रू असतो, खोडरबर. मूल वर्तुळ काढतं, आई ते पुसून गोल करते. रागावू नका, घरी वर्षानुवर्षं सगळं लवकर उरकायची सवय लागलेली असते. मी पालकांना त्यांचा स्वतःचा कागद देतो. दहा मिनिटांत ते आपल्या चित्रात रमतात आणि मुलगा मोकळा होतो. हा उपाय मला मोठ्या योजनेतून नाही, निव्वळ वैतागातून सुचला.

मुलाबद्दल मदतनिसाला विचारू नका. "त्याला निळा हवाय का?" हे वाक्य तोंडातून निघालंच तर मध्येच थांबून मुलाकडे वळा.

७. काही बिघडलं तर

फिट आली तर घड्याळ पाहा. आजूबाजूची कात्री, टेबल, पाणी दूर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, धरून दाबू नका, तोंडात काहीही घालू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा आणि शुद्ध येईपर्यंत सोबत राहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं, लगेच दुसरी आली किंवा ही पहिलीच असेल तर रुग्णवाहिका बोलवा. बाकी मुलांना काम चालू ठेवायला सांगायची जबाबदारी आधीच एका मदतनिसाकडे द्या.

आवाज, गर्दी, वास यांचा भार असह्य होऊन मूल ओरडू लागलं, स्वतःला मारू लागलं, तर तो हट्ट समजू नका. बोलणं कमी करा, पंखा-दिवे कमी करा, बाकीच्यांना लांब न्या. समजुतीची लांबलचक वाक्यं तेव्हा आणखी एक आवाज ठरतात.

८. काम बघताना

प्रत्येक कागदाला "वा, छान!" म्हणणं ही आळशी दया आहे, आणि मुलांना ती लगेच ओळखू येते. जे दिसतं ते सांगा: "इथे तू तीनदा रंग लावलास, म्हणून जाड झालाय." किंवा विचारा, "हे आडवं बघायचं की उभं?" सुधारणाही सांगा, जशी इतरांना सांगता.

एखादं मूल महिनोन्महिने काहीच करत नाही असं वाटतं. ज्युडिथ स्कॉट ही डाउन सिंड्रोम असलेली, ऐकू न येणारी शिल्पकार. १९८७ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ती अमेरिकेतल्या ओकलंडमधल्या क्रिएटिव्ह ग्रोथ या कलाकेंद्रात येऊ लागली. चित्रांत तिला सुरुवातीला गोडी लागली नाही. मग धाग्यांच्या कामाशी गाठ पडली आणि वस्तूंभोवती सूत गुंडाळत तिने जी शिल्पं केली ती पुढे संग्रहालयांत पोहोचली. माध्यम सापडायला वेळ लागतो, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी नवं काही टेबलावर ठेवा आणि जुनंही उचलू नका.

प्रदर्शनात चित्रं बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरही लावा आणि हात लावून पाहायची कामं वेगळी मांडा. पाटीवर नाव, वय, माध्यम. अपंगत्वाचा उल्लेख नको, स्वतः कलाकाराला हवा असेल तरच. सही जमत नसेल तर अंगठ्याचा ठसा किंवा त्याने निवडलेला शिक्का. फोटो काढण्याआधी मुलाची आणि पालकांची, दोघांचीही परवानगी.

९. वही

वर्ग संपला की हात धुण्याआधीच वहीत प्रत्येकाविषयी दोन-तीन ओळी लिहा: कोणतं साधन चाललं, कशाला नकार आला, आणि मी कुठे हात लावला. तिसरा रकाना पहिले काही महिने लाजवणारा असतो.

माझ्या वहीतली मासेवाल्या मुलाची परवाची नोंद अशी आहे: "फोमचा दांडा त्याने स्वतः मागितला. पाणी दोनदा सांडलं. शेपूट पुन्हा कागदाबाहेर, या वेळी टेबलावर रंगवलं. मुद्दाम. हात लावला नाही. टेबल पुसायचं राहिलं."